पिंजऱ्यात आधी कोण बसणार

देवळालीत कुणालाबी विचारा, कल्याणच्या वेल्डिंगला तोड न्हाई. मी सोताच सांगत फिरतो, म्हणून सगळ्यांना माहीत हाय. उसाच्या ट्रॉल्या, विहिरीतला गाळ उपसायच्या याऱ्या, सगळं माझ्या हातचं. पण आबासाहेबांच्या अमृतनं आणलेलं काम म्हंजे जगावेगळं. पठ्ठ्यानं नगरच्या भंगारातून जुन्या रेसच्या गाडीचा सांगाडा आणला, दोन वर्षं खपून लाल, बुटकी, बिनटपाची गाडी उभी केली आन् म्हणला, "कल्याणदादा, आत रोल केज बनव. गाडी उलटली तरी डोकं वाचलं पायजे. त्याबिगर शर्यतीत घेत न्हाईत."

"म्हंजे पिंजराच की! आण इकडं," मी म्हणलं.

पिंजरा झालाबी झक्कास. जाड पाइप, बारा जॉइंट. अकरा असे मारले की हत्ती बसवा. बारावा मात्र मागच्या कोपऱ्यात, तीन पाइपांच्या बेचक्यात. रॉड आत जाईना, मान अवघडली, भाकरी गार व्हायला लागलेली. पुरता जॉइंट भरायचा सोडून वेल्डिंगचे नुसते दोन टाके मारले, वर पुट्टी भरली, पिवळा रंग फासला. कोन बघतंय तिथं!

पिंजरा गाडीत बसवायच्या दिवशी अमृतची आई, चांगुणामामी, दुकानात हजर. त्यांचं म्हणनं सरळ हुतं. खात्री पटल्याबिगर एकुलत्या एक लेकाला त्या गाडीत बसू देनार न्हाईत. अमृतचं तोंड एवढंसं झालं, म्हणून मीच छाती ठोकली. "मामी, डोंगरावरून लोटून बघा! काय व्हनार न्हाई."

"डोंगर कशाला? पाटाचा भराव हाय की," मामी म्हणल्या. "नवी यारी चढवली की तिला लटकून विहिरीत पयला कोन उतरतो रं?"

"ज्यानं यारी केली त्यो."

"मग बस पिंजऱ्यात."

आईशप्पथ, सोताच्याच बोलण्यात अडकलो. चार गड्यांनी पिंजरा भरावावर नेला, त्यात सीट आवळली, मला पट्ट्यानं करकचून बांधलं. अमृतनं सोताचं हेल्मेट माझ्या डोक्यात कोंबलं. खाली चांगला वीस फूट उतार. जन्मात घेतली न्हाईत तेवढी देवांची नावं मी घेतली. गड्यांनी पिंजऱ्याला हात लावला.

"थांबा! थांबा रं मुडद्यांनो!" मी बोंबललो. "मामी, मागचा एक जॉइंट राह्यलाय. नुसते टाके हायेत."

गडी फिदीफिदी हसले. मामी हसल्या न्हाईत. जवळ आल्या आन् हळू आवाजात म्हणल्या, "तू बसलास तवा आठवलं व्हय? माझा अमृत बसनार हुता, तवा न्हाई आठवलं?"

लाज वाटली, लई वाटली. पिंजरा परत दुकानात आणला. पुट्टी खरवडली, आडवा येनारा पाइप कापून काढला, बारावा जॉइंट नीट भरला आन् पाइप पुन्हा जोडला. मग बाकीचेबी सगळे घासून तपासले. भाकरीची आठवणसुदीक झाली न्हाई.

पिंजरा पुन्हा भरावावर गेला. कुणी सांगायच्या आत मी जाऊन बसलो, पट्टा आवळला.

"लोटा," मी म्हणलं.

मामी माझ्याकडं टक लावून बघत राह्यल्या. गडी वाट बघून कंटाळले.

"उतर खाली," मामी म्हणल्या. "मगाशी तुझं तोंड बघितलं, आत्ताबी बघितलं. अमृत, बसव रं पिंजरा गाडीत."