दुसरा उपाय

सहदेवांनी सदरा छातीपर्यंत वर उचलला आणि उजव्या बरगडीखालची बारीक काळपट खूण बोटाने दाखवली.

"बघ बाबली, ह्यां एवढांच. सुई घातल्यानी, आतली गाठ जाळल्यानी, तिसऱ्या दिवशी मी घराक. माझ्या झिलान माका सुरयेखाली जावक दिल्यान नाय."

बाबली हा त्यांचा कुणकेश्वरचा मावसभाऊ. त्याने वाकून खूण निरखली. त्याची बायको सुगंधा पडवीच्या खांबाला टेकून बसली होती. गेल्या आठवड्यात तिच्याही लिव्हरमध्ये छोटी गाठ सापडली होती, आणि सहदेवांच्या घरी हे सगळं होऊन गेलेलं, म्हणून दोघं सकाळच्या एसटीने देवबागला आली होती.

तो झील, म्हणजे त्यांचा मुलगा निकेत, चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबला. बाबांचं हे वाक्य त्याने गेल्या दीड वर्षात कितीदा ऐकलं होतं. बाजारात, देवळात, खोल्यांमध्ये उतरलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा. दर वेळी तो काहीतरी काम काढून तिथून उठायचा. आज उठून जायला जागा नव्हती.

दोन हजार सहाचा नोव्हेंबर होता तो. मुंबईच्या इस्पितळात बाबांना रक्त तपासायला नेलं होतं, आणि डॉक्टरांनी निकेतला आत बोलावून कागदावर लिव्हरचं चित्र काढलं होतं. गाठ लहान आहे, एकच आहे, बाकी लिव्हर धड आहे. तेव्हा दोन्ही उपाय शक्य आहेत. एक, पोट उघडून तेवढा भाग कापून काढायचा. दुसरा, सुईने जाळायचा. डॉक्टरांनी दोन्हींची बरी-वाईट बाजू शांतपणे सांगितली आणि शेवटी म्हणाले, "वडिलांना दोन्ही सांगा. निर्णय त्यांचा. दोन दिवसांत कळवा."

पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खाडीकाठच्या दोन खोल्या त्याच वर्षी बांधून झाल्या होत्या. नाताळात पाहुणे यायचे होते, पहिलेच. ऑपरेशन म्हणजे दहा-बारा दिवस मुंबईत, मग दोन महिने बाबांची उठबस. बाबांचं वय झालंय, सुरी त्यांना सोसवायची नाही, असं निकेतने स्वतःला समजावलं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. पण जिना उतरताना त्याला आधी आठवले ते पाहुणे.

"काय म्हणता डॉक्टर?" खाली बाकावर बसलेल्या बाबांनी विचारलं होतं.

"सुयेन जाळूया म्हणतत."

"बरां. तेंकाच कळता."

तेवढंच. अकरा महिन्यांनी जुन्या जागेच्या काठाला पुन्हा एक ठिपका दिसला आणि पुन्हा सुई घालावी लागली. परतताना बसमध्ये बाबा म्हणाले होते, "दोनदा तर दोनदा. पोट तरी फाडूक लागलां नाय." निकेत कणकवली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला होता.

"निकेत, तू शिकलेलो," बाबली म्हणाला. "आमका डॉक्टरान दोन उपाय सांगल्यान, पण माझ्या टकलेत काय शिराक नाय. तुमका काय सांगल्यानी, तां सांग. आमी तसांच करतलो."

'सुईच बरी, काका.' शब्द जिभेवर आले. मग त्याचं लक्ष सुगंधाकाकीकडे गेलं. हात मांडीवर ठेवून ती त्याच्याकडेच बघत होती. शाळेत मास्तरांकडे बघावं तशी.

त्याने ट्रे खाली ठेवला.

"कापून काढल्यार," तो म्हणाला, "परत तिथीच येवचो धोको कमी. पण ऑपरेशन मोठां. रक्त जाता, जखम भरूक वेळ लागता, पोटात काय बिघडलां तर परत अडचण. सुयेन तरास कमी, दोन-तीन दिवसांत घरी. पण काठाक थोडां रवान जाव शकता, आणि मगे तां वाढता. माणूस खंयच्या उपायान जास्ती जगता, तां डॉक्टरांकय पक्क्यां सांगूक येणा नाय. गाठ केवढी, खंय आसा, बाकीचां लिव्हर कसां आसा, तेच्यार सगळां."

बाबांचा सदरा अजून वरच होता. त्यांनी तो सावकाश खाली ओढला.

"ह्यां तुका तेव्हाच सांगल्यानी?"

"होय."

"दोनय?"

"होय."

"आणि दोनातलो खंयचो, तां कोणी ठरवचां?"

निकेतने ट्रेमधला कप जरासा सरकवला. "ज्याचां दुखणां तेना," तो म्हणाला. कानांच्या पाळ्या भाजल्यासारख्या तापल्या होत्या.

बाबलीला यातलं काही जाणवलं नाही. तो बशीत चहा ओतत होता. सहदेवांनी मुलाकडे पाहिलं नाही. ते खांबाकडे वळले.

"गो सुगंधा, इल्यापासून तू एक शब्द बोलूक नाय. तुका काय व्हया?"

सुगंधाने दचकून नवऱ्याकडे पाहिलं.

"तिका काय कळता त्यातलां?" बाबली हसला.

"मी तिकाच इचारतंय."

सुगंधाने पदर सारखा केला. मग तिने निकेतला विचारलं, "कापल्यार कामाक लागाक किती दिवस?"

"दीड-दोन म्हयने, काकी."

"मगे माका काढून टाकलेलां बरां. पण आधी डॉक्टराक मी माझ्या तोंडान इचारतलंय."

बाबली बशी तशीच हातात धरून तिच्याकडे बघत राहिला.

दुपारच्या गाडीने दोघं गेली. निकेत त्यांना थांब्यावर सोडून आला तेव्हा बाबा पडवीतच बसले होते. त्याने रिकामे कप गोळा केले, उगाच एकात एक घातले, पुन्हा वेगळे केले.

"बाबा, तेव्हा मी..."

"पुढल्या म्हयन्याक मुंबयक जावचां आसा मा?" सहदेव म्हणाले.

"होय."

"डॉक्टराकडे मी एकटो आत जातलंय. तू भायर बस."

आवाजात राग नव्हता. राग असता, तर निकेतला काहीतरी बोलता आलं असतं.