वर्गातला होरो

जेवणानंतरच्या तासाला तिसरीचा वर्ग पेंगायचा. टक्क जागा असायचा तो एकटा कालिन, आणि तोही बाकावर नाही, बाकाखाली. राडोस्टिनाबाईंनी ओरडून पाहिलं, त्याला पुढे बसवून पाहिलं. शेवटी एक दिवस भागाकार अर्ध्यावर सोडून त्यांनी बाकं भिंतीला लावायला सांगितली, पोरांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि लग्नात नाचतात तसा साखळीचा होरो वर्गातच सुरू केला. दोन फेऱ्या झाल्या, पोरं धापा टाकत जागेवर बसली आणि भागाकार पुढे चालू झाला. कालिनसुद्धा बसला. मी शेजारी पाचवीला शिकवत होतो. आधी धडधड ऐकू आली आणि मग इतकी शांतता, की मी जाऊन डोकावलो.

मग पोरं पेंगुळली की होरो, हे ठरूनच गेलं. मुख्याध्यापक पेन्चेव सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, शाळा आहे की लग्नाचा मांडव?" शिक्षकांच्या खोलीत बरेच जण हसले.

वसंतात जिल्ह्याच्या निरीक्षक आल्या आणि होरोनंतर जागा झालेला बाईंचा वर्ग पाहून खूश झाल्या. सर लगेच म्हणाले, हा शाळेचाच उपक्रम आहे. नव्या वर्षी बाई त्याच पोरांबरोबर चौथीत गेल्या आणि उपक्रम खरोखर शाळेचा झाला. घंटा वाजली की सगळ्या वर्गांनी उठायचं, कर्ण्यावरच्या आवाजाबरोबर हात वर, हात खाली. जागा सोडायची नाही. होरो बंद, कारण खालच्या मजल्यावर आवाज जातो.

कालिनला जागेवर उभं राहणं बसण्याइतकंच जड. एकदा पाहुणे आलेले असताना तो शेजारच्या मुलीचा हात धरून तिला ओढायला लागला. तेव्हापासून घंटा झाली की त्याला व्हरांड्यात, भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, असा सरांचा हुकूम झाला.

राडोस्टिनाबाई सरांकडे गेल्या.

"ज्याच्यासाठी हे सुरू केलं, त्यालाच तुम्ही बाहेर काढलंत."

"कोणासाठी सुरू केलंत ते तुमचं तुम्हाला माहीत. मला शाळा चालवायचीय."

"मग माझ्या वर्गात मला माझ्या पद्धतीनं करू द्या."

"करा की. ताकीद मिळाली तर रडत येऊ नका."

बाईंनी पुन्हा होरो धरला, कालिनला मधोमध घेऊन. ताकीद मिळाली. तरी थांबल्या नाहीत, तेव्हा त्यांचा वर्ग काढून घेतला आणि त्यांना ग्रंथालयात बसवलं.

हिवाळ्यात कालिनची आई झिव्का त्याचा दाखला न्यायला आली. हा मुलगा इथं टिकणार नाही, प्लोवदिव शहरातल्या वेगळ्या शाळेत घाला, असं तिला सांगितलं होतं. जाताना ती ग्रंथालयात आली. बाई म्हणाल्या, मी सरांशी अजून एकदा बोलून बघते.

"नको बाई," झिव्का म्हणाली. "तुमच्यामुळे त्याला शाळा आवडायला लागली होती. आवडली नसती, तर आज एवढा रडला नसता."



त्या उन्हाळ्यात सरांना जिल्ह्याचं प्रशस्तिपत्र मिळालं, मुलांचं लक्ष वाढवणाऱ्या उपक्रमाबद्दल. समारंभाला सगळे शिक्षक होते. टाळ्या पुष्कळ वाजल्या. राडोस्टिनाबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.