पहिला वॉल

मयूरीने दोन महिन्यांत दुसऱ्यांदा प्रोग्रॅमची भाषा बदलली होती. आधी सरांनी दिलेला फोरट्रानमधला जुना प्रोग्रॅम. तो बिनतक्रार चालायचा, पण नाव काढलं की वर्गातली पोरं हसायची. मग ज्युलिया शिकून झाली. मग कुणीतरी म्हणालं, नोकरी हवी तर पायथॉनच, आणि मयूरीबाईंनी पुन्हा पाटी पुसली.

लोणखेड्याच्या कॉलेजात तिचा एमएस्सीचा प्रकल्प होता. ऊन, वारा आणि जमिनीची ओल घेऊन केळीच्या कोणत्या भागाला किती मिनिटं पाणी द्यायचं, हे काढायचं. आबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या मळ्यात ठिबकचे आठ वॉल, म्हणजे पाणी सोडायचे व्हॉल्व्ह. रोज सकाळी ती मोबाईलवर यादी धाडायची आणि आबा त्याबरहुकूम वॉल फिरवायचे. मे महिन्याचं ऊन होतं. आकडा चुकला तर बाग गेली. पण मयूरीला मळ्यात जायला सवड कुठे? भाषेचाच घोर लागलेला.

पायथॉनची यादी सुरू झाल्याच्या पाचव्या दिवशी चहा गाळता गाळता आई म्हणाली, "विहीरजोडेन्या केळी मान टाकी ऱ्हायन्यात. तुन्हा आबा त्या वॉलले हात लावत नहीत."

मयूरीने याद्या उघडल्या. पाचही दिवस पहिल्या वॉलसमोर शून्य! फोरट्रान आणि ज्युलिया एकपासून मोजतात, पायथॉन शून्यापासून. प्रोग्रॅमच्या ओळी पायथॉनमध्ये उतरवताना तिने जुन्या सवयीने एकपासून सुरुवात केली होती. त्यामुळे पहिल्या वॉलचं घर गणितात आलंच नाही, आणि तिथलं सुरुवातीचं शून्य तसंच राहिलं.

ती पळतच मळ्यात गेली. आबा पहिल्या वॉलपाशीच उभे होते. भोवती पानं लोंबत होती.

"आबा, पानं दिखी ऱ्हायनी व्हतीत ना! वॉल का नही उघडा?"

"यादीमा शून्य व्हतं. मी म्हनं, जमीन वली व्हई. तू काय खोटं लिखशी?"

तीस वर्षं केळी पिकवणारा माणूस रोपं सुकताना बघत राहिला, का तर पोरीनं लिहिलंय! मयूरीला रडू कोसळलं. तिने दोन्ही हातांनी वॉल फिरवला.

पाणी ठिबकू लागल्यावर आबांनी विचारलं, "आते कोनती भाषा?"

"ज्युलिया. ती तुम्हनासारखी एकपासून मोजस."

"आनि ती बी चुकनी तं?"

"तं यादी फेकी द्या, आबा. वॉल उघडी टाका."