अर्धवट पुसलेला कंस

मी एक जुना डस्टर. आहे म्हणायचं, एवढंच. पाठीचं लाकूड फाटलंय, पोटाची लोकर झडलीय आणि खडूची पूड अशी मुरलीय की शेजारी कुणी शिंकलं तरी माझ्यातून धूर निघतो. मित्रांनो, दमलोय मी. पण सांगायला बसलोच आहे, तर मध्ये कुणी बोलू नका. माझं डोकं लवकर फिरतं.

एका सुताराच्या उरलेल्या फळकुटातून माझा जन्म झाला. त्याने माझी पाठ गुळगुळीत घासली, पोटाला जाड लोकरीच्या पट्ट्या चिकटवल्या. तिथून थेट आलो ते सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. खाली हवा भरायचा पंप फुसफुसायचा, वर बीजगणिताची शिकवणी चालायची.

तेव्हा काय थाट होता माझा! एकदा मला फिरवलं की फळा काळाकुळकुळीत. "डस्टर असावा तर असा," सर म्हणायचे आणि मी फुगायचो. मागच्या बाकावर कुणी खुसखुसलं की तेच सर मला फेकून मारायचे. नेम एकदम भिकार. खिडकीची काच त्यांच्या नेमाने गेली आणि बोलणी मला.

सरांचं काम ठरलेलं. शाब्दिक उदाहरण वाचायचं, कुणाला तरी फळ्यापाशी उभं करायचं आणि त्या वाक्याची बैजिक राशी लिहून घ्यायची. 'एका संख्येत पाच मिळवले' म्हणजे क्ष + ५. 'संख्येची दुप्पट' म्हणजे २क्ष. इथवर सगळे हुशार. वाक्य जरा लांबलं की गाडी रुळावरून खाली. आणि चुकलं रे चुकलं की सर ओरडायचे, "पूस!" कुठं चुकलं, का चुकलं, काही नाही. पूस. पोरांनी नावच पाडलं, पूससर. मी आपला पुसत राहिलो. किती चुका पोटात घातल्या, देव जाणे. चांगल्या चांगल्या चुका होत्या हो, कुणी धड बघितल्याच नाहीत.

असाच झिजत गेलो. मग ठिणगी आली. हजेरीत नाव वेगळं होतं, पण कुणी जरा डिवचलं की भडकायची, म्हणून ठिणगी. गणितात एकदा आपटली होती, फेरपरीक्षा तोंडावर आलेली. राहायची आत्याकडे, आणि आत्या पडदे शिवून द्यायची. एकदा आत्या जिना चढून आली आणि दारातूनच म्हणाली, "सर, या वेळी नापास झाली तर शाळा बंद. मशिनवर बसवते. सुईत दोरा तरी ओवेल."

"मला नाही बसायचं तुझ्या मशिनवर!"

"मग पास हो की! मी काय नको म्हणतेय?"

आत्या गेली. सरांनी मुद्दामच उदाहरण घातलं, 'पडद्याचं कापड खिडकीच्या रुंदीच्या तिपटीपेक्षा दोन हात कमी लागतं. रुंदी क्ष हात मानून कापड किती ते लिहा.'

ठिणगीने धाडकन लिहिलं, ३(क्ष − २).

"पूस!"

तिने मला उचलून खसाखसा पुसलं आणि पुन्हा तेच लिहिलं.

"पूस म्हटलं ना!" पुन्हा पुसून होताच सरांनी खडू हिसकावला आणि त्याच जागी लिहिलं, ३क्ष − २. "हे बरोबर. घोकून ठेव."

दुसरा डस्टर असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण माझ्या पोटाला लोकर राहिलीय कुठं? मी पुसलं म्हणजे नुसतं फासलं. सरांच्या अक्षरामागे तिचा कंस भुतासारखा उभा.

"हा डस्टर फेकून द्या रे कुणीतरी," सर वैतागले.

"थांबा सर." ठिणगीने नाक जवळजवळ फळ्याला टेकवलं. "खिडकी चार हात धरू. तुमचं बघा, तीन चोक बारा, त्यातले दोन गेले, दहा. आता माझं. चारातून दोन आधीच गेले, उरले दोन, त्याची तिप्पट सहा. सहा हातांत पडदा? चुण्या घातल्या की अर्धी खिडकी उघडी!"

"शेजाऱ्यांची मजा," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला. ठिणगी पहिल्यांदाच भडकली नाही.

"मी आधी कापलं आणि मग तिप्पट केली. म्हणजे तिन्ही तुकड्यांतून दोन-दोन हात उडवले. आत्याने सोलून काढलं असतं मला! आधी सगळं कापड घ्यायचं, मग शेवटी एकदाच कापायचं."

सरांनी खडू तिला परत दिला. मग म्हणाले, "आणि कंस कधी घालायचा?"

"रुंदीच आधी कमी केली असेल तेव्हा. मग त्या उरलेल्या रुंदीची तिप्पट."

सर खुर्चीत टेकले. त्या दिवसापासून ते "पूस"च्या आधी "थांब, बघू" म्हणायला लागले. नेहमी नाही हं. जित्याची खोड.

परीक्षेत पडदा नव्हता, पाण्याची टाकी होती. ठिणगी म्हणे पेपरात आधी पुटपुटली, "आधी तिप्पट की आधी वजा?" आणि मग लिहिलं. काठावर पास झाली. "काठावर तर काठावर," आत्या म्हणाली, "बुडाली तर नाहीस!" आणि ठिणगीसाठी मशिनवर लावून ठेवलेलं कापड तिने हसत हसत उचललं.

माझं काय? निळा प्लॅस्टिकचा डस्टर आला आणि मी कपाटामागे. धूळ, जाळी, एक मेलेलं झुरळ. ठिणगीने शाळेत जाता जाता येऊन मला शोधलं. आत्याकडचा जाड कापडाचा तुकडा माझ्या पोटाला ठोकून बसवला. एक टोक मात्र उघडंच ठेवलं.

"हे राहिलं की," सर म्हणाले.

"राहू दे सर. सगळंच पुसलं तर कळायचं कसं?"

तर मित्रांनो, चुका खुशाल करा. पण चुकलं की लाजेने लगेच मला शोधत सुटू नका. आधी त्या चुकीकडे एकदा नीट बघा, मग पुसा. आणि झटकताना भिंतीवर आपटू नका हो. बाहेर न्या, हाताने हळू थोपटा. म्हातारं लाकूड आहे, आणि अजून बऱ्याच चुका पोटात घालायच्यात.