जावयाला चालेल असा संडास

शेजारच्या सिमूंगाकाकांनी संडास बांधला आणि माझी झोप उडाली.

तसा संडास माझ्याकडेही होता. खड्डा, त्यावर झाकण, राखेचा डबा, हात धुवायला टांगलेला कॅन. पण काकांच्या भिंतींवर पांढऱ्या मातीने काढलेले पक्षी होते आणि आत आरसा होता. संडासात आरसा. लोक पार मोंझे शहरातून बघायला यायचे. माझी बायको लुयांडो त्याचं कौतुक करताना इतकी हळवी व्हायची की आमच्या लग्नातही तेवढी झाली नव्हती.

झुडपात कुणी जायचं नाही असा राजेसाहेबांचा हुकूम होता. ते गावोगाव स्वतः संडास तपासत. जो पसंत पडेल तो वापरून बघत, आणि त्याच्या मालकाचं नाव हमरस्त्यावरच्या पाटीवर लागे. मला ती पाटी हवी होती. खरं तर ती काकांना मिळायला नको होती.

मी माझ्या संडासाला खिडकी काढली. काकांनी तिसऱ्या दिवशी आपल्या खिडकीला पडदाही लावला. मी दारात बाकडं टाकलं, तेव्हा काका म्हणाले, "उगाच दमू नकोस रे. राजेसाहेब आमचे जावई आहेत."

ते मात्र खरं होतं. काकूंच्या बहिणीची मुलगी राजेसाहेबांना दिलेली, आणि आम्हा टोंगा लोकांत मावशी म्हणजे आईच.

राजेसाहेब आले. मी त्यांना आग्रह करकरून मक्याचं आंबवलेलं चिब्वान्तू पाजलं. पोटात कळ आली तसे ते उठले आणि सरळ काकांच्या पक्ष्यांकडे निघाले.

मी सहज विचारलं, "काका, काकूही इथेच जातात ना?"

राजेसाहेब जागीच थांबले. आमच्यात सासू जिथे बसते तिथे जावई बसत नाही, मग तो राजा का असेना.

काकांनी घाईघाईने सांगितलं की छे, ती इथे पाऊलही टाकत नाही.

"मग कुठे जातात?" राजेसाहेबांनी विचारलं. झुडपात म्हटलं असतं तर अख्ख्या गावाला बकऱ्याचा दंड.

काकू शांतपणे पुढे आल्या. "याच्याकडे," त्यांनी मला दाखवत म्हटलं. "पहिल्यापासून. आरशावर डाग पडतील म्हणून आमचे हे कुणाला आत सोडतात कुठे?"

झालं. कुणी वापरत नाही तो राजेसाहेबांच्या लेखी संडासच नव्हे, म्हणून काकांचा बाद; सासू जाते म्हणून माझाही. राजेसाहेब गाडीत बसले आणि ड्रायव्हरला अगदी बारीक आवाजात म्हणाले, पळव. पाटी पुढच्या गावाला गेली.

संध्याकाळी काका दारात.

"तुझ्या संडासात असं आहे तरी काय?"

"काही नाही, काका."

"मग ती का येते? विचारलं तर नुसती हसते."

ते आत शिरले आणि कडी लावली. अंधार पडला तरी बाहेर येईनात. मी पोट धरून उभा. लुयांडो म्हणाली, "अहो, त्यांचा रिकामाच आहे, तिथे जा की."

मी म्हटलं, थांबतो मी.