उलट्या काळजाचा दाणा

“गरम झाल्यावर पंखा जोरात फिरायचा, की हळू?” बाबांनी मान वर न करता विचारलं.

टेबलावर भोंगेवाल्या काकांचा अॅम्प्लिफायर उघडा पडला होता. काका कार्यक्रमांना लाउडस्पीकर भाड्याने देत. त्यांची तक्रार अशी की आतला पंखा सतत एकाच जोरात घोंघावतो आणि वक्त्यापेक्षा त्याचंच भाषण जास्त ऐकू येतं. म्हणून बाबा त्यात पंख्याचा वेग आपोआप कमी-जास्त करणारं छोटं सर्किट बसवत होते.

मुलगी शाळेत शिकवून परत येताना नेहमीप्रमाणे दुकानात टेकली होती. पुस्तकातून डोळे न काढता ती म्हणाली, “हळू. तापला की पंखा झोपतो.”

हा दोघांचा जुना खेळ होता. ती लहान असल्यापासून बाबा आपल्याला काहीच ठाऊक नसल्याचा आव आणून विचारत आणि ती मुद्दाम उलटं उत्तर देई. मग बाबा कपाळावर हात मारून, “अगं बये, घर पेटवशील!” म्हणत आणि पहिल्यापासून समजावू लागत. तापमान ओळखणारा तो मिरीएवढा काळा दाणा तिला असाच समजला होता. “हा उलट्या काळजाचा,” बाबा सांगत. “तापेल तसा याचा विरोध कमी होतो. तुझ्या आईचं नेमकं याच्या विरुद्ध.” दुकानाला लागूनच घर, त्यामुळे आतून लगेच आवाज येई, “ऐकू येतंय बरं मला!”

त्या दिवशी बाबा नुसतं “बरं” म्हणाले आणि सोल्डर करायला लागले. कामात रंगलेत, असं समजून तिने पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

मेंदूत रक्तस्राव, डॉक्टरांनी सांगितलं. आधीच्या दिवसांत काही वेगळं जाणवलं होतं का, असंही विचारलं. “छे हो,” आई म्हणाली, “आदल्या संध्याकाळपर्यंत काम करत होते. एक स्क्रू इकडचा तिकडे नाही.” मुलीने बरंच आठवून पाहिलं. तिला काही सापडलं नाही. तरीही तो प्रश्न काही तिची पाठ सोडेना. घरातलं माणूस समोर बसलं होतं आणि आपल्याला कळलं नाही, असं होईल का? की कळण्यासारखं काही नव्हतंच?

पुढे एका दुपारी मायलेकी दुकानात असताना भोंगेवाले काका अॅम्प्लिफायर छातीशी धरून आले.

“ताई, राग मानू नका, पण याचं डोकं फिरलंय. चालू केला की विमानासारखा गरजतो आणि चांगला तापला की मौनव्रत! काल भर सभेत बंद पडला. पाहुणे नुसते ओठ हलवत राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ते सोडा.”

आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मुलीने झाकण उघडलं. आधी वाटलं, दाणाच दुसऱ्या जातीचा, तापल्यावर विरोध वाढणारा लागला असेल. तो बरोबर होता. मग वाटलं, कुणीतरी मध्ये हात घातला असेल.

“आईशप्पथ नाही,” काका म्हणाले. “त्यांनी लावलेला स्क्रू मी कशाला सोडवू?”

तिने पुन्हा तारेमागून तार पाहिली. दाणा आणि त्याच्या जोडीचा रेझिस्टर, दोघांच्या जागांची अदलाबदल झाली होती. सोल्डर मात्र नेहमीसारखं, थेंबासारखं गोल आणि चकचकीत. घाई नाही, थरथर नाही. हे चुकून झालेलं दिसत नव्हतं. पंख्याने तापल्यावर हळू व्हावं, असंच कुणीतरी मन लावून केलं होतं.

तापला की पंखा झोपतो.

 मग तिने दोन्ही सुटे केले, आपापल्या जागी लावले आणि हेअर ड्रायरची गरम हवा दिली. पंखा हळूहळू वेग घेऊ लागला.

“पार्टच खराब असणार,” काका म्हणाले. “त्यांचा हात कसला चुकतोय!”

“तेच म्हणते मी,” आई म्हणाली.

काका गेले. मुलगी हत्यारं जागेवर ठेवत राहिली. ठेवलेली पुन्हा उचलून ठेवत राहिली.

“आई, बाबा तुला शेवटी शेवटी काही विचारायचे का गं?”

“काय विचारायचे?”

“काहीही. वेड्यासारखं.”

आईने विचार केला. “एकदा न्हाणीघराच्या दाराशी उभे राहून म्हणाले, कडी वर असते की खाली? मी म्हटलं, माझ्या डोक्यावर आहे, शिंगासारखी. तर हसले. मग तिथेच उभे राहिले.” पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं. “चेष्टाच करायचे ना गं ते?”

मुलीने आईकडे पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं, आणि आई त्याचीच वाट पाहत होती.

“नाही, आई,” ती म्हणाली. “ते खरंच विचारत होते.”