माझ्याकडे वळवलेली हवा

मला असं उलटंपालटं करून बघू नका, माझ्यात गाणी नाहीत, सिनेमेही नाहीत. दिसतो पेनड्राइव्हसारखा, पण मी बिटकॉइन शोधणारं यंत्र आहे. संगणकाला टोचायचं आणि चालू करायचं. माझ्या जातीला माइनर म्हणतात, म्हणजे खाणकामगार. हे नाव ठेवणाऱ्यानं आयुष्यात कधी खाण पाहिली नसावी.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. अंगावर एक बारीक स्फटिक बसवला होता, त्याच्या ठोक्यावर मी चालायचो. एवढंच पळायचं, याच्यापुढे नाही, असं जन्मतःच ठरलेलं. काम म्हणाल तर एकच, आकडे फेकत राहायचे. जगभर लाखो यंत्रं तेच करतात. ज्याचा आकडा लागला त्याला नाणं, बाकीच्यांना ठेंगा. गोदामंच्या गोदामं भरून माझे थोरले भाऊ जिथं बसलेत, तिथं माझ्यासारख्या बोटभर कांडीचा पाड लागणार कसा? विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. पण घेणाऱ्याला सांगेल तो विकणारा कसला!

मला मागवलं घुग्घुसच्या नागसेननं. सिमेंट कारखान्यात, ठेकेदाराच्या हाताखाली, पोती भरायच्या खात्यात तो कामाला. मोबाइलवर कुठलेसे व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात मी शिरलो. पोरगा लोभी नव्हता, हे आधीच सांगतो. त्याचे वडील बापूराव, उभा जन्म कोळसा खाणीत गेलेला. रिटायर झाले ते छातीत खाण घेऊनच. जिना चढले की ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, या धुळीतून बाहेर न्या. नागसेनला वरोऱ्याकडे, सडकेपासून आत, एखादी जागा घ्यायची होती. "बाबा, तिथी अंगण झाडलं तर झाडूले काळं नाई लागत," असं तो बापूरावांना सांगायचा. ते हसायचे आणि हसता हसता खोकायचे.

आल्या दिवशी बापूरावांनी मला तळहातावर घेतलं.

"हे बी खाणीत काम करते म्हनते?"

"हो बाबा. माइनर हाय."

"मंग याचे दिवस बी काही खरे नाई," ते म्हणाले आणि मला हळूच खाली ठेवलं. इतक्या हळू मला पुन्हा कुणी ठेवलं नाही.

माझ्यासारखे चौघे होतो आम्ही, एका हबवर, म्हणजे बऱ्याच खाचांच्या जोडपट्टीवर, रांगेनं लावलेले. महिना गेला, आमचं काम दाखवणारी मोबाइलवरची हिरवी रेघ जागची हलेना. दोष आमचा नव्हता, हिशेबच तसा होता. पण माणसाला हिशेब चुकलाय असं कधी वाटत नाही, यंत्र हळू आहे असंच वाटतं. नागसेननं पुन्हा व्हिडिओ पाहिले आणि आम्हाला खिशात घालून रईसच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आणलं.

रईसचा हात फार हलका. तरी चटका तो चटकाच. त्यानं गरम हवा मारून माझा स्फटिक उचलला आणि जास्त वेगाच्या ठोक्याचा दुसरा बसवला. मग मोहरीएवढा एक रेझिस्टर काढून दुसरा लावला, म्हणजे मला वीज जास्त मिळावी. तुमच्या भाषेत सांगायचं तर काळीज बदललं आणि रक्तदाब वाढवला. याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. नाव ऐकून किती भारी वाटतं!

"नागसेनभाऊ, चालन तर मस्त," रईस म्हणाला, "पर बहुत गरम होईन. आपल्या इथली गरमी, त्यात मई लागून राह्यला. हवा लागन याले, चोवीस घंटे. नाई तर जळून जाईन."

हवा. सगळं तिथंच फिरलं.

त्यांच्या घरात दोन खोल्या आणि एक कूलर. पत्र्याचा, खसच्या ताट्या लावलेला, मधल्या दारात स्टँडवर उभा. बाहेरच्या खोलीत बापूरावांची खाट. आतल्या खोलीत आम्ही, कारण लोड घेणारा विजेचा पक्का बोर्ड तिथंच. चंद्रपूर जिल्ह्यातला मे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. सकाळी नवालाच भिंतीला हात लावून बघा.

नागसेननं कूलरचं तोंड आमच्याकडे फिरवलं.

रुखमाबाई, म्हणजे त्याची आई, चुलीवरचा तवा तसाच टाकून आली. "अरे, बाबाची हवा काऊन बंद केली?"

"बंद नाई केली माय, पंखा हाय ना त्यायले. दोन महिन्याची गोष्ट हाय. मी हे कोनासाठी करून राह्यलो?"

"त्याच्यासाठी करतं अन् त्यालेच गरमीत मारतं?"

"राहू दे वं," बापूराव खाटेवरून म्हणाले. "पोराचं काम हाय. खाली खाणीत असताना आमाले कोनता कूलर होता?"

वडिलांनी होकार दिला, मुलाला तेवढंच हवं होतं. माझ्या अंगावर खसचा गार वारा यायला लागला आणि मी जीव तोडून पळायला लागलो. खरं सांगू? मला बरं वाटायचं. आणि भिंतीपलीकडून बापूरावांचा श्वास ऐकू यायचा, फुटक्या भात्यासारखा. त्या ओल्या वाऱ्याबरोबर घुग्घुसची काळी धूळ यायची आणि माझ्या अंगाला चिकटून बसायची. त्यांच्या छातीत जे साचलं होतं, तेच.

नागसेन कामाला गेला की रुखमाबाई कूलर नवऱ्याकडे फिरवायची. आम्ही तापायचो, बंद पडायचो. तो यायच्या आत ती पुन्हा आमच्याकडे करून ठेवायची. स्वतःच्या घरात तिला ही चोरी करावी लागायची. पण मोबाइलवरची रेघ चोरी लपू देत नाही. दुपारी रेघ पडलेली नागसेनला दिसायची. वडिलांचा श्वास दाखवणारी रेघ मात्र त्या मोबाइलमध्ये नव्हती.

अशाच एका दुपारी रुखमाबाईनं कूलरमध्ये गळ्यापर्यंत पाणी भरलं, तोंड बापूरावांकडे केलं, त्यांच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवला आणि ती दवाखान्यात त्यांच्या गोळ्या आणायला गेली. बापूरावांना झोप लागली होती. कितीतरी दिवसांनी त्यांचा श्वास संथ ऐकू आला.

आम्ही तापलो. एकेक करून थांबलो. थोड्या वेळानं खाटेवरचा फोन वाजला. फोन त्यांनी स्पीकरवर घेतला, कानाशी धरला की धाप लागायची.

"बाबा, कांडी बंद पडली काय? पाह्यता काय जरा?"

"हो बेटा, पाह्यतो."

"माय कुठी हाय?"

"गेली बाहेर. तू काम कर, मी पाह्यतो."

"कूलर फिरवा" असं नागसेन म्हणाला नाही. ते मी त्याच्या नावावर घालणार नाही. पण पाहणं म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

बापूराव उठले. भरलेला कूलर स्टँडसकट ओढायला धडधाकट माणसाला दम लागतो. त्यांनी आधी पाठ लावली, मग खांदा लावला, खाणीत कोळशाचा डबा ढकलतात तसा. पाणी हिंदकळून जमिनीवर सांडलं. कूलर फिरला. माझ्यावर गार वारा आला. ते दाराची चौकट धरून उभे राहिले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "चाल बाबा आता." मग खाली बसले ते बसलेच. मला ओरडता आलं असतं तर सगळं घुग्घुस जागं केलं असतं. मला फक्त आकडे फेकता येतात. मी पुन्हा सुरू झालो आणि आकडे फेकत राहिलो.

रुखमाबाई आली तेव्हा सगळं संपलं होतं. शेजारी जमले. नागसेन कारखान्यातून धुळीनं पांढरा होऊन तसाच धावत आला. त्यानं वडिलांना पाहिलं, मग कूलरचं तोंड पाहिलं आणि भरल्या घरात आईवर ओरडला, "माय, कूलर तिकडं काऊन फिरवला?"

"मी नाई फिरवला रे."

"मंग काय कांडीनं फिरवला?"

ती काय सांगणार? तिनं पाहिलंच नव्हतं.

त्याची बहीण रिना गडचिरोलीकडून, एटापल्लीहून यायची होती. सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी भरलेली ती सडक, तिला संध्याकाळ झाली असती. तोवर उकाड्यात बापूराव नीट राहायला हवेत म्हणून चौघांनी कूलर उचलला आणि त्यांच्याकडे तोंड करून लावला. बर्फाची लादीही आणली. लोक बुद्धवंदना म्हणत होते आणि ती सगळी हवा बापूरावांच्या वाट्याला येत होती. कुणी तिच्यावर हक्क सांगितला नाही. आम्हाला बंद करायची कुणाला आठवण राहिली नाही. आतल्या खोलीत मी या वेळी नुसता थांबलो नाही, जळालो. चट् असा बारीक आवाज आला, वासही आला, पण तो उदबत्तीत मिसळून गेला.

आता मी रईसच्या दुकानात भंगार सर्किटांच्या डब्यात पडलोय. कधीतरी नागसेननं मला आणून काउंटरवर ठेवलं. रईसनं पाहिलं आणि मान हलवली. "खतम झाला भाऊ."

"टाकून दे," नागसेन म्हणाला. जाता जाता थांबला आणि म्हणाला, "मायनं तेवढं एक लक्ष ठेवलं असतं ना रईस, तर आज बाबा असते." फोनचा विषय त्यानं काढला नाही. तो कुणापाशीच काढत नाही. घरी आईशी जेवण वाढण्यापुरतं बोलतो, असं रईस एका गिऱ्हाइकाला सांगत होता.

मला पुन्हा चालू करू नका, ती इच्छा नाही. माझा स्फटिक काढून दुसऱ्या कुणाला लावायचा असेल तर खुशाल लावा. पण तुम्ही या दुकानात येता-जाता, नागसेनही येतो. कधी भेटला तर माझा एवढा निरोप त्याला द्या. नागसेन, तुझी आई खोटं बोलत नाही. ती निघाली तेव्हा कूलर बापूरावांकडे होता आणि ते शांत झोपले होते. तुझा फोन वाजला म्हणून ते उठले.